मंदीतल्या मोटारी

४ मार्च १९९८

कारखान्याला आज कुलूप लागलं. गलोंड्याच्या फाट्यावर उतरलो तेव्हाच कळलं, कारण आठ वाजून गेले तरी भोंगा नाही आणि सगळी माणसं गेटच्या बाहेर. नोटीस इंग्रजीत. दीडशे कामगारांत ती वाचू शकणारे आम्ही चौघे, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवली. तिच्यात व्याकरणाच्या तीन चुका होत्या. चौदा वर्षं या शेठचा परचेस ऑफिसर होतो. शेवटचा कागदसुद्धा त्याला धड लिहून घेता आला नाही.

म्हणे मंदी आली. सेल्स टॅक्सची सवलत संपत आली तशी या लोकांची सिल्वासावरची माया आटली, एवढंच. सुताचे भाव पडले हे खरं, पण सुताच्या पैशातून शेठनं घेतलं काय, तर मोटारी. एका माणसाला बसायला चार मोटारी, आणि बॉयलरच्या व्हॉल्व्हसाठी मी तीन महिने कागद फिरवत होतो.

बायको शाळेतून आल्यावर सांगितलं. उषा म्हणाली, बरं झालं, तुम्ही तिथं रोज चिडूनच यायचात. तिला कशातही बरं दिसतं. प्राथमिक शाळेत शिकवून शिकवून माणसाची बुद्धी तेवढीच राहत असावी.

१३ मार्च

नऊ दिवस घरी. आज पिपरियापासून गलोंड्यापर्यंत सायकलवर हिंडलो. बंद पडलेले सोळा कारखाने मोजले, मग मोजायचं सोडलं. एक गोष्ट मात्र डोळ्यांत भरली. प्रत्येक बंद गेटच्या आत, शेडखाली, कापड घातलेली एकतरी परदेशी गाडी उभी आहे. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, एके ठिकाणी तर दोन. इथं टॅक्स कमी म्हणून मुंबई-सुरतेच्या मालकांनी त्या इथं पासिंग करून घेतल्या, आणि आता त्या कोणाला दिसू नयेत म्हणून इथंच लपवल्यात.

या लोकांना राहता फ्लॅट विकायची लाज वाटणार, बायकोचा हिरा विकायची भीती वाटणार. आधी निघणार ती गाडी. आणि बाजारात तिला गिऱ्हाईक नाही, कारण काल जे घेणारे होते तेच आज विकणारे. पण मंदीतसुद्धा दोन जातींची भरभराट असते: डॉक्टर आणि क्लासवाले. त्यांना आयुष्यभर मर्सिडीजमध्ये बसायचं असतं आणि नवी घ्यायला जीव होत नाही.

यांची गाठ घालून देणारा माणूस हवा. खरेदी मला कळते. आयुष्यभर दुसऱ्यासाठी केली.

१७ मार्च

शेठचा ड्रायव्हर सुकदेव आज बाजारात भेटला. शिरपूरकडचा. निम्मं अहिराणी, निम्मं हिंदी, वर गुजरातीची फोडणी. आठ वर्षं शेठची मर्सिडीज त्याच्या हातात होती. सध्या बायको कोंडाबाई एका पॅकिंगच्या कारखान्यात जाते आणि हा घरी भाकऱ्या करतो. सांगताना लाजलाही नाही.

त्याला म्हटलं, माझ्याबरोबर ये, गाड्या चालवून आणायला माणूस लागेल. त्यानं एकच विचारलं, साहेब, जुनी गाडी घेताना तपासणार कोण? मी म्हणालो, मी. त्यानं माझ्या सायकलकडं पाहिलं. मला सायकलशिवाय काही चालवता येत नाही असं त्याला वाटतं. १९८६ साली मी वापीत लायसन काढलंय.

२ एप्रिल

पहिला सौदा झाला. रांध्याला एका प्लॅस्टिकवाल्याची पांढरी मर्सिडीज, म्हशींच्या गोठ्यामागे ताडपत्रीखाली. मालक सुरुवातीला पाय पसरून बसला होता. मी चहाला नाही म्हटलं आणि घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासात पाय जवळ आले. एक तास गेल्यावर तो डोळे पुसायला लागला. मुलाच्या लग्नाची वरात या गाडीतून निघाली होती म्हणे. निघाली असेल. वरातीची किंमत मी देत नाही.

सुकदेवचं तपासणं म्हणजे पाहण्यासारखा प्रकार. इंजिन चालू करून डोळे मिटून बसला. मग बॉनेटवर पंजा ठेवला, खाली वाकून गालिचे हुंगले. एखादा भगत अंगात यायची वाट बघत बसतो तसा. शेवटी म्हणाला, मशीन चांगलं आहे, फक्त मागचा उजवा शॉकअप गेलाय. त्यावरून मी आणखी भाव पाडला. वलसाडच्या हाडांच्या डॉक्टरांनी पुढच्याच आठवड्यात गाडी नेली. माझी नजर बरोबर होती.

२९ एप्रिल

तीन गाड्या गेल्या. दोनदा सुकदेवनं नको म्हटलं. एकीचं मीटर मागे फिरवलेलं होतं, दुसरी कुठंतरी आपटून सरळ केलेली. मी त्या सोडून दिल्या. या धंद्यात नाही म्हणता यायला लागतं, आणि ते मला जमतं.

व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. जाड कागद, उठावाची अक्षरं. सुकदेव कार्ड उलटंपालटं करून पाहत राहिला आणि म्हणाला, साहेब, खाली बारीक अक्षरात माझंही नाव टाकलं असतं तर. मला हसू आवरेना. मर्सिडीज घेणारा माणूस ड्रायव्हरचं नाव वाचायला येणार आहे का? उषा तिथंच कणीक मळत होती. ती म्हणाली, गाडी सुकदेवभाऊ बघतात ना? मी म्हटलं, बघतो तो, ठरवतो मी.

११ जून

उषानं घरी शिकवण्या सुरू केल्यात. संध्याकाळी ओसरीवर चौदा पोरं पाढे म्हणतात आणि मला फोनवर बोलता येत नाही. तिला ही हौस आत्ताच का सुचली कळत नाही. धंदा चाललाय. मधे महिनाभर काही विकलं गेलं नाही, पण धंद्यात असं होतंच.

७ ऑगस्ट

पावसात कोणी गाडी घेत नाही. दोन महिन्यांत एक सौदा, तोही जुन्या कॉन्टेसाचा, ज्याची मला लाज वाटते. सुकदेव मधल्या दिवसांत नरोलीच्या रस्त्यावर एका ट्रकच्या गॅरेजात काम करतो. हाताला ग्रीस लागलेला माणूस गिऱ्हाइकासमोर आणायचा म्हणजे पंचाईत. सांगून पाहिलं. म्हणाला, साहेब, घरात खायले लागतं.

३ सप्टेंबर

आज जे पाहिलं ते जेवायच्या आधी लिहून ठेवतो.

गलोंड्यालाच, आमच्या जुन्या कारखान्याच्या मागे, एका दाणेवाल्याचं गोदाम आहे. दाणे म्हणजे प्लॅस्टिकचे. तो नैरोबीला गेलाय, म्हणजे पळालाय. मागे त्याची बायको नलिनीबेन कुलपं सांभाळते. तिनं शटर वर केलं आणि आत लाल, दोन दारांची, बुटकी जर्मन गाडी. सहा सिलिंडर. पाच वर्षांत फक्त अकरा हजार किलोमीटर. अशी गाडी मी फक्त मासिकात पाहिली होती. आत बसलो. खुर्चीनं मला दोन्ही बाजूंनी धरलं. पन्नाशीला आलेल्या माणसाला असं कोणी धरत नाही.

नलिनीबेन शेजारी उभी राहून म्हणाली, "प्रभाकरभाई, हूं खोटं नाय बोलणार. गेल्या चोमासात दमणगंगेला पूर आला, धरणाचं पाणी सोडलं ना, त्यात ही गाडी बे दिवस उभी होती. यांनी सुकवली, पॉलिश मारलं. चालवायला नका घेऊ. पार्टसाठी घ्या."

भाव तिनं स्वतःच भंगाराचा सांगितला. मला तिची कीव आली. विकणारानं आपल्या मालाची निंदा करायची नसते एवढं साधं व्यवहारज्ञान या बाईला नाही. म्हणून तर नवरा नैरोबीला आणि ही गोदामात.

५ सप्टेंबर

घेतली. प्रॉव्हिडंट फंडाचं जे आलं होतं ते सगळं गेलं. उषाला अजून सांगितलेलं नाही, पण गाडी अंगणात उभी आहे आणि ती लाल आहे, त्यामुळे तिनं विचारलं. मी म्हणालो, दसऱ्यापर्यंत तिप्पट होतील. ती पाढे घ्यायला ओसरीवर गेली.

गिऱ्हाईक आधीच हेरून ठेवलंय. नाशिकचे विश्वनाथ सर, वलसाडच्या डॉक्टरांच्या ओळखीतले. बारावीच्या क्लासेसवर तीन मजली इमारत उभारलेला माणूस. फोनवर रंग ऐकला आणि पुढचं काही ऐकायच्या मनःस्थितीत राहिला नाही. पोरांना वर्षभर भौतिकशास्त्र शिकवतो आणि स्वतः रंगावर गाडी घेतो. दसऱ्याला सहकुटुंब येऊन घेऊन जाणार. पाण्याचा विषय निघाला नाही. मी काढायचं कारण नव्हतं.

१९ सप्टेंबर

सुकदेवनं आठ दिवस गाडी उघडून बसवली. इंजिन सुरेख लागलं. वायरिंगही त्यानं जागोजाग बदललं. पण ब्रेकपाशी येऊन अडला आहे. ब्रेकला जोर देणारा एक गोल डबा असतो, त्यात पाणी गेलं असं त्याचं मत. पेडल नव्वद वेळा लोण्यासारखं जातं आणि एखाद्या वेळी दगड होतं, मग दोन्ही पायांनी दाबलं तरी गाडी थांबायला वेळ घेते. नवा डबा मुंबईत शोधायचा, नाही मिळाला तर जर्मनीहून मागवायचा. दोन-तीन महिने.

मी स्वतः पेडल वीस वेळा दाबून पाहिलं. वीसही वेळा लोणी. ज्याला गालिचे हुंगून गाडी कळते त्याला सगळीकडे वास येणारच.

२८ सप्टेंबर

आज सुकदेवशी जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढं कोणी माझ्यावर ठपका ठेवायला नको.

त्याला सांगितलं, परवा गाडी धुऊन ठेव, दसऱ्याला सकाळी सर येतील, तू त्यांना फेरी मारून दाखव आणि किल्ली दे. तो म्हणाला, डबा बदलल्याशिवाय नको. मी म्हटलं, विश्वनाथ सर काही रोज शर्यत लावणार नाहीत, नाशिकला गेल्यावर सावकाश बदलून घेतील. तो म्हणाला, नाशिकला जातील कसे? कपराड्याचा घाट मधेच आहे.

मी आवाज चढवला. तू ड्रायव्हर आहेस, मत विचारलेलं नाही, आठ वर्षं शेठची गाडी पुसलीस आणि आता मला शिकवतोस, असं म्हणालो. आणखीही काही म्हणालो, ते लिहायची गरज नाही. तो शांतपणे हात पुसत होता. मग म्हणाला,

"साहेब, त्या गाडीत त्यांची पोरगी बसनार शे. मी ही किल्ली माझ्या हातानं कोणाले देनार नही."

किल्ली त्यानं टेबलावर ठेवली, नीट, आवाज न करता, आणि गेला. कामाच्या मजुरीबद्दल चकार शब्द नाही. या माणसांना गर्व कशाचा असतो हे मला आजवर समजलेलं नाही.

२९ सप्टेंबर

उषानं सगळं ऐकलं होतं. जेवताना म्हणाली, सरांना फोन करून ब्रेकचं सांगा. मी म्हटलं, ब्रेकला काहीही झालेलं नाही. उद्या खानवेलपर्यंत स्वतः नेऊन आणतो, म्हणजे तुझीही खात्री होईल आणि त्या दीडशहाण्याचीही.

ती म्हणाली, "मग मीही येते."

मी म्हटलं, तुझं काय काम. ती म्हणाली, खंडेनवमीची शाळा लवकर सुटते, आणि चार आठवडे अंगणात गाडी आहे, एकदाही बसले नाही.

३० सप्टेंबर

दुपारी तीनला निघालो. उषा शाळेच्याच साडीत. गाडीला हळदकुंकू वाहिलं, स्टिअरिंगला झेंडूचं फूल अडकवलं आणि शेजारी बसली, मांडीवर पर्स घेऊन, बसमध्ये बसते तशी. मला गिअर नीट पडेना. टोकरखाड्याच्या वळणावर दोनदा बंद पडली, बाजारातली माणसं बघत होती. गावाबाहेर आल्यावर सुरळीत झालं. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना साग. अॅक्सिलरेटरला पायाचं बोट लावलं तरी गाडी पुढं झेपावत होती. ब्रेक चार वेळा मारला. चारही वेळा लोणी. मी उषाकडं पाहिलं. ती समोर बघत होती.

मग खानवेलच्या अलीकडचा तो उतार आला. मोठा नाही. बसवाले तिथं न्यूट्रलमध्ये सोडतात. खाली वळण, वळणापलीकडे ओढ्यावरचा अरुंद पूल. मी उताराच्या माथ्यावर गाडी थांबवली.

का थांबवली ते मला सांगता येत नाही. इंजिन चालू होतं. पाय ब्रेकवर होता आणि पेडल मऊ होतं. उषानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, तू इथं उतर, मी खाली जाऊन वळवून आणतो.

"का?"

मी म्हटलं, उगाच. पूल अरुंद आहे.

ती म्हणाली, "सरांच्या बायकोलाही असंच उतरवणार आहे का कोणी, घाटात?"

आवाज वाढवून नाही. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर चुकलेलं असताना ती पुन्हा विचारते, तसं. मी म्हटलं, उतर. ती म्हणाली, नाही. एक बैलगाडी चढ चढून आली, आमच्या बाजूनं गेली. गाडीवाल्यानं मागे वळून पाहिलं. माझी पिंढरी थरथरत होती. ती उषाला दिसू नये म्हणून मी गुडघा हातानं दाबून धरला, आणि तिला ते दिसलं.

मी इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये टाकली, उतरून चारही चाकांना दगड लावले. उषानं पर्समधून पाण्याची बाटली काढून दिली. खानवेलहून येणाऱ्या जीपमध्ये मागे दाटीवाटीनं बसून परत आलो.

सुकदेवचा कान खोटं सांगत नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लिहून ठेवतो, कारण मोठ्यानं म्हणता येणार नाही.

१ ऑक्टोबर, दसरा

विश्वनाथ सरांना काल फोन लावला, पण ते आधीच निघाले होते. वाटेत पेठला मुक्काम. सकाळी नऊला भाड्याच्या सुमोतून दारात. बायको, दहा-अकरा वर्षांची मुलगी आणि गाडीसाठी केवढा तरी हार. मुलीनं लाल फ्रॉक घातला होता, गाडीच्या रंगाचा. मुद्दाम शिवला म्हणे.

मी सांगितलं की गाडी देत नाही. पुरात होती, ब्रेकचा भरवसा नाही. सरांचा चेहरा पडला, मग रागावले, मग बायकोनं मुलीला जवळ ओढलं ते पाहून राग ओसरला. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, मंदीत हातात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मी पाहिला नाही, प्रभाकरराव, तुमच्या नजरेला आणि सचोटीला मानलं. दुसरी गाडी बघा माझ्यासाठी, तुम्ही म्हणाल ती डोळे झाकून घेईन.

तीन मजली इमारतीच्या मालकाकडून मला सचोटीचं प्रशस्तिपत्र. एवढा फसवायला सोपा माणूस मी बंद कारखान्यांतसुद्धा पाहिला नाही. मी आभार मानायला तोंड उघडलं. उषा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

मी म्हणालो, "मी तुम्हाला ही गाडी देणार होतो. माझ्या ड्रायव्हरनं अडवली. सुकदेव नाव त्याचं. मी त्याला नाही नाही ते बोललो आणि तो गेला."

सरांनी हात सोडला. चहा न घेताच गेले. जाताना सुकदेव कुठं भेटेल ते मात्र विचारून घेतलं, माझ्याकडून नाही, उषाकडून. हार आमच्या कट्ट्यावर राहिला.

४ ऑक्टोबर

गाडी अजून खानवेलच्या रस्त्यावर. हलवायची तर ओढून आणायला ट्रक हवा, आणि ट्रक त्या नरोलीच्या गॅरेजात. गेलो. सुकदेव एका टेंपोच्या खाली होता. नुसते पाय दिसत होते. मी त्या पायांशी बोललो. जे म्हणायचं होतं ते पाठ करून गेलो होतो, पण चार शब्दांत संपलं. तो तसाच खाली. मग विचारलं, चाकांना दगड लावलेत ना? म्हटलं, लावलेत, चारही. तो बाहेर आला.

माझ्याकडं पुन्हा काम करणार का, हे विचारलं. नाही म्हणाला. सर भेटून गेले होते. आता कोणतीही गाडी घ्यायची तर आधी याच्याकडं आणणार, तपासायचे पैसे देणार. वलसाडच्या हाडांच्या डॉक्टरांनाही त्यांनीच फोन केला म्हणे. मला वाटलं होतं की ही मंडळी माझी गिऱ्हाइकं आहेत.

गाडी मात्र उद्या आणून देतो म्हणाला. कामाचे पैसे सांगितले. वाजवी होते. मी घासाघीस केली नाही.

६ ऑक्टोबर

गाडी अंगणात आली. पार्टस सुटे करून मुंबईला विकायचं ठरवलं, नलिनीबेननं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तसं. फंडातलं निम्मं आलं तरी पुष्कळ. उषाला तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, शिकवणीला आणखी सहा मुलं येणार आहेत, जागा करा. ती हौस नव्हती, हे मला जूनमध्येच कळायला हवं होतं.

सुटं करायची वेगळी मजुरी ठरवून सुकदेव बॉनेटमध्ये वाकलेला आणि मी शेजारी पाने धरून उभा. तो हात मागे करायचा, मी त्यात पाना ठेवायचा. दोनदा चुकीचा दिला. तो परत करून पुन्हा हात मागे करायचा. चौदा वर्षं मी हे पाने शेकड्यानं खरेदी केले, कोणता कशाला लागतो ते आज शिकलो.

गोल डबा सुटला तेव्हा त्यानं तो कानाशी हलवून पाहिला. मग मला ओंजळ करायला सांगितली आणि डबा वाकडा केला. आधी तांबूस पाणी आलं, मग चिखल. दमणगंगेचा करडा, बारीक, वर्षभर आत बसून राहिलेला गाळ, त्यात एक छोटा शिंपला. माझे दोन्ही हात भरले आणि तो अजून येतच होता.

मला वाटलं आता काहीतरी म्हणेल. म्हणायचा त्याला हक्क होता. त्यानं डबा जमिनीवर ठेवला, ओसरीवरच्या मुलांना थोडं सरकायला सांगितलं आणि घरात हाक मारून उषाकडं पाणी मागितलं, साहेबांचे हात धुवायला.